बंधमुक्त रमाबाईंचे सेवाबंधन

आज नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा सण आपले ख्रिस्ती बांधव आज आनंदाने साजरा करीत आहेत. आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी मात्र नेहमीप्रमाणेच सकाळी देवपूजा झाली असेल, सायंकाळी तुळशीपुढे दिवा लागेल, कोठे हरिपाठही होईल. अशा घरांतून आजच्या दिवशी कोणाचे स्मरण करावे, असा विचार करू लागताच आमच्या मनात पहिले नाव आले ते पंडिता रमाबाईंचे. भागवताच्या श्लोकांवर वाढलेली ही ब्राह्मणकन्या पुढे ख्रिस्ताची उपासक झाली. तिच्या चरित्राला दोन्ही घरांची ओल आहे.

मुक्ती हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या संतांनी मुक्तीची थोरवी गाइली, आणि भक्तीपुढे ती तुच्छही लेखली. रमाबाईंनी केडगावच्या माळावर अनाथ स्त्रियांसाठी जे घर उभारले त्याला त्यांनी मुक्ती हेच नाव दिले. ख्रिस्ती धर्मातही मुक्ततेच्या विचाराला मोठे स्थान आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचा ऊहापोह केला आहे. त्याचे सार असे, की जोखडातून सुटलेल्या माणसाने आपली सुटका स्वतःच्या सुखासाठी खर्चू नये, तर प्रीतीने इतरांचा सेवक व्हावे. हे सार समजण्यास सोपे, पण आचरणात आणण्यास अतिशय कठीण. रमाबाईंचे जीवन म्हणजे या एका विचाराचे चाळीस वर्षे चाललेले आचरण होय.

अरण्यातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे विद्वान आणि परम वैष्णव. तरुणपणी पुण्यास शिकत असता त्यांनी पेशव्यांच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकविले जात असल्याचे पाहिले होते. आपल्या घरातील स्त्रीनेही देववाणी शिकावी, असा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविण्यास त्यांनी आरंभ केला तेव्हा लोकांत कुजबुज झाली. धर्मसभेपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली, पण गावातील रोजच्या कटकटीपेक्षा अरण्य बरे, असे ठरवून गंगामुळास आश्रम थाटला.

लक्ष्मीबाई पहाटे उठत, घरकामास लागण्यापूर्वी लहानग्या रमेला मांडीवर घेऊन श्लोक शिकवीत. पाखरांच्या किलबिलाटात मुलीचा पाठ चाले. पुढे आश्रमातील अतिथिसत्काराने द्रव्य संपले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगावे, श्रोते जी दक्षिणा देतील तीवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अनंतशास्त्र्यांनी रमेचे लग्न लहानपणी लावून दिले नाही. त्यामुळे मिळालेल्या त्या वर्षांत भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्या मुखी आले.

आघातांमागून आघात

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचा दुष्काळ पडू लागला आणि या फिरत्या कुटुंबाची उपासमार सुरू झाली. मोलमजुरी करण्याची कोणाला सवय नव्हती आणि भीक मागण्यास मन धजत नव्हते. होते ते किडूकमिडूक विकून झाले. नंतर रानातील पाला खाण्याची पाळी आली. त्या काळात प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, एवढे दोघे उरले. भुकेने माणूस कसा मरतो, हे त्या मुलीने आपल्या आईबापांच्या रूपाने पाहिले. हे दृश्य त्या जन्मभर विसरल्या नाहीत. त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्व मोठ्या कार्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

दोघे भावंडे पायी हिंदुस्थान फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. अवघ्या वीस वर्षांच्या स्त्रीला असा मान मिळाल्याने तिचे नाव देशभर झाले. परंतु १८८० मध्ये श्रीनिवासही निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचा स्नेही बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. वराची जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कडेवर तान्हे मूल घेतलेली ही विधवा आता कोणाचीच नव्हती. जातीची बंधने तुटली होती आणि नात्यांचे आधारही तुटले होते. हवे तिकडे जाण्यास ती मोकळी होती. असा मोकळेपणा कोणाच्या वाट्यास न येवो, असेच कोणीही म्हणेल.

त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे, या हेतूने १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो हेतू मात्र सिद्धीस गेला नाही.

नवे जोखड नको

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रयगृह होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवून पुन्हा उभे केले जात असे. रमाबाईंनी ते काम पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांची सेवा करावी, त्यांच्याशी बहिणीप्रमाणे वागावे, असे या लोकांना कशामुळे वाटते, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. लोकांनी दूर ठेवलेल्या त्या स्त्रीशी विहिरीच्या काठावर येशू आदराने बोलला, तिच्याजवळ त्याने पाणी मागितले. ही कथा रमाबाईंच्या अंतःकरणास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता महाराष्ट्रात पोहोचली तेव्हा अनेकांना ती मोठ्या आघातासारखी वाटली. ज्यांनी तिला सरस्वती म्हणून गौरविले त्यांच्या मनाला झालेले दुःख खरे होते. ते आज क्षुल्लक ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु पुढे जे घडले तेही तितकेच लक्षात घेतले पाहिजे.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण कोणाच्या अंकित झाल्या नाहीत. त्यांना दीक्षेच्या मार्गावर आणणाऱ्या भगिनी जेराल्डीन यांनाच याचा प्रथम अनुभव आला. चर्चचे सर्व सिद्धांत रमाबाईंनी जसेच्या तसे स्वीकारावेत, अशी भगिनींची अपेक्षा होती. रमाबाई प्रत्येक सिद्धांत बायबलाशी ताडून पाहू लागल्या आणि न पटलेला उघडपणे नाकारू लागल्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी त्यास ठाम विरोध केला. आपला शाकाहार त्यांनी सोडला नाही. गळ्यातील क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का असू नयेत, असाही त्यांचा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे तसलेच जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी भगिनींना कळवून टाकले. परक्या देशात, त्यांच्याच आश्रयाला राहून एका निर्धन विधवेने हे लिहावे, यास केवढे धैर्य लागले असेल!

येथे एखाद्यास वाटेल, की ही स्त्री केवळ बंडखोर होती, कोणतेच बंधन तिला सोसवत नव्हते. तसे असते तर त्यांचे चरित्र इंग्लंडात किंवा अमेरिकेत सुखाने संपले असते.

शारदा सदन आणि उघडे दार

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेणार होत्या. त्या समारंभासाठी रमाबाई तेथे गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशभर हिंडून व्याख्याने देत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. मानसन्मान, मित्रमंडळी आणि सुखाचे जीवन असे सर्व काही तेथे लाभण्यासारखे होते. रमाबाई मात्र परत आल्या, त्या विधवांसाठी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या दोन होत्या. त्यांपैकी गोदूबाई या बालविधवेचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणाचे जे प्रचंड कार्य पुढे उभे केले, त्यात त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली पत्नी ही शारदा सदनाची पहिल्या दिवसांतील विद्यार्थिनी होती, याचा विसर पडू नये.

सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक ठेवावयाची, असे ठरले होते. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांना हा विश्वासभंग वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे, की कोणाला आपण बोलावीत नाही, पण आलेल्या मुलीस दार बंद करणेही आपल्याला शक्य नाही. मुलींना जसे आपल्या धर्माचे स्वातंत्र्य आहे तसे आपल्यालाही आपल्या उपासनेचे आहे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

या वादात दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. आईबापांची काळजी समजण्यासारखी होती आणि रमाबाईंचा प्रामाणिकपणाही संशयातीत होता. मुली गेल्या, मित्र दुरावले, निंदेचा भडिमार झाला. तरीही उरलेल्या विधवांचे शिक्षण एक दिवस थांबले नाही.

दुष्काळाची हाक

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंच्या कानी ती बातमी आली आणि वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, टाकून दिलेल्या बालविधवा आणि तशा मुलींच्या शोधात हिंडणारी दुष्ट माणसे त्यांनी पाहिली. हाती पैसा बेताचा, पुण्यातील जागा अपुरी. तरी त्यांनी शेकडो मुली गोळा करून आणल्या.

याच सुमारास पुण्यात प्लेगचा उद्भव झाला. साथीच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे आपण घेतलेल्या जमिनीवर रमाबाईंनी त्यांना नेले. प्रथम झाडाखाली आणि झोपड्यांतून बिऱ्हाड पडले. प्लेगच्या दवाखान्यात स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारवर कडक टीका केली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, पण त्यामुळे त्यांची लेखणी अडखळली नाही. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, परंतु तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला.

१८९८ मध्ये केडगावच्या या वसाहतीस मुक्ती सदन असे नाव मिळाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. इतक्या जणींचे रोजचे अन्न, वस्त्र, औषधपाणी यांचा विचार कोणाही गृहिणीने क्षणभर करून पाहावा. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि भाजीपाला होऊ लागला, गाईगुरे आली. मुली लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शिवणकाम, तेलघाणा आणि छापखान्यातील खिळे जुळविण्याचे काम शिकल्या. पुरुषांनी फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीती सदन अशी निरनिराळी घरे झाली. आंधळ्या मुलींना बोटांनी स्पर्श करून वाचण्याची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकविली.

आता मागे वळून पाहावे. बिशपांची आज्ञा न मानणारी ही स्त्री पहाटेपासून रात्रीपर्यंत अनाथ पोरींच्या हाकेला बांधलेली होती. आजारी मुलगी रडली की रमाबाईंना उठणे भाग होते, धान्य संपत आले की चिंता त्यांची होती. हे बंधन त्यांच्यावर कोणी लादले नव्हते. प्रीतीने ते त्यांनी आपण होऊन स्वीकारले होते. काशीहून रामेश्वरास न्यावयाचे गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या नाथमहाराजांची कथा आपल्या घरोघर सांगितली जाते. नियमापलीकडे गेलेला तो करुणेचा हात आणि केडगावी पोरींच्या जखमा धुणारा हा हात, यांत आम्हांस तरी अंतर दिसत नाही.

पंडितेची सोपी मराठी

उत्तरायुष्यात रमाबाईंनी आणखी एक व्रत घेतले. बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा उपलब्ध होते, परंतु त्यातील संस्कृतप्रचुर भाषा आपल्या साध्या, खेडवळ मुलींना कळत नाही, हे त्या पाहत होत्या. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा स्वतः शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. जिच्या जिभेवर संस्कृत सहज खेळत होते, जिला संस्कृतानेच पंडिता ही पदवी मिळवून दिली, तिने अडाणी स्त्रियांसाठी संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले. विद्वानाच्या दृष्टीने याहून मोठा त्याग कोणता? ते पुस्तक मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. नवा करार १९१३ मध्ये निघाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो पाहण्यास रमाबाई उरल्या नव्हत्या.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यानंतर लवकरच त्यांच्यावर अखेरचा घाला पडला. मनोरमाबाई परदेशात आणि येथे उत्तम शिक्षण घेऊन आईच्या कामात जोडीदार झाल्या होत्या आणि गुलबर्ग्यास त्यांनी मुलींची शाळा काढली होती. सर्व भार पुढे त्यांनीच उचलावयाचा होता. १९२१ च्या जुलै महिन्यात वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आईबाप, भावंडे, पती आणि आता एकुलती कन्या! तरीही रमाबाईंचे दैनंदिन काम आणि भाषांतर चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांना आई मानणाऱ्या किती मुली त्या माळावर रडल्या असतील!

स्मरण कसे करावे?

भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांचा सांभाळ करीत आहे. परंतु तिकीट आणि संस्था यांनी थोर व्यक्तींचे स्मरण पुरे होत नाही.

आमच्या घरातून एक विदुषी गेली, ही खंत काहींच्या मनात आजही असेल. ती असण्यात गैर काही नाही. पण तिच्या जोडीला एक प्रश्नही असावा, असे आम्हांस वाटते. दीड हजार पोरी आधार शोधीत केडगावास गेल्या, त्या कोणाच्या घरातून निघाल्या होत्या? त्यांच्यातील कित्येकींना मूठभर अन्न आणि दोन गोड शब्द आपल्याच उंबरठ्यात मिळाले असते तर? रमाबाईंवर रागावण्यापूर्वी ज्यांनी हा प्रश्न स्वतःस विचारला, त्यांपैकी कित्येकांनी पुढे विधवांसाठी शाळा काढल्या आणि अनाथाश्रम चालविले. त्या कार्यांना मिळालेल्या प्रेरणेत रमाबाईंचाही वाटा आहे.

आज आपल्यापैकी बहुतेक जण त्या काळच्या मानाने पुष्कळच मोकळे आहोत. मुली शिकतात, विधवेचे केस कोणी कापीत नाही, कोणी कोठे जावे याला फारशी आडकाठी उरलेली नाही. या मोकळ्या झालेल्या हातांचे आपण काय करतो, हे पाहण्यासाठी रमाबाईंचे चरित्र हा स्वच्छ आरसा आहे. शेजारच्या घरी एखादी वृद्धा एकटी असेल, कामाला येणाऱ्या बाईची मुलगी शाळेविना राहिली असेल, नात्यातील एखादी निराधार स्त्री कोणाच्या निरोपाची वाट पाहत असेल. सायंकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाल्यावर त्यांपैकी एकीच्या दाराशी जाऊन यावे. ख्रिस्ती बांधवांच्या या सणाला आपल्या घरातून याहून शोभणारी भेट आम्हांस सुचत नाही.